जी आधी खोकेल, तिचा चहा

पोरीचे ओठ निळे पडले होते. ती मिरच्यांच्या पोत्यावर ताठ बसली होती, तोंड घट्ट मिटलेलं, दोन्ही हात मांड्यांवर दाबलेले आणि खांदे कानापर्यंत चढलेले. छाती हलत होती, पण आत काही जात नव्हतं. माझी नणंद कतरीन आमच्याकडे पाठ करून मसाला चाळत होती आणि हसत होती. शेजारची रेजिना डोळे पुसत होती. मी वळले ते पोरीला ‘थोडी मागे सरक’ म्हणायला, आणि मला ते ओठ दिसले.

मी तिला काखेत धरून उचललं आणि गॅरेजच्या अर्ध्या उघड्या दाराखालून वाकून बाहेर काढलं. वारा कुठून येतोय ते बघितलं आणि त्या बाजूला, शेजाऱ्याच्या हिरवळीवर, तिला बसतं केलं. आडवं केलं नाही. मांसाच्या कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, अमोनियाचा वास आला की आधी वारा बघायचा, मग पळायचं. कतरीन मागून “येशू, येशू” करत आली.

“फिलू, पाणी दे तिला. गरम पाणी!”

“पाणी नको. फोन कर.”

“कोणाला?”

“ॲम्ब्युलन्सला! तुझ्या भावाला नव्हे.”

तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा इनास. तो ग्रोसरी आणायला गेला होता. महत्त्वाच्या वेळी तो नेहमी ग्रोसरी आणायला गेलेला असतो.

जून आला की मला हे आठवतं. मुद्दाम आठवत नाही, मिरची भाजल्याच्या वासाबरोबर येतं. इथे कॅनडात, किचनरला, खरा उन्हाळा जूनमध्ये सुरू होतो. मेपर्यंत उन्हात नुसता उजेड असतो, ताकद नसते. पार्किंगच्या कोपऱ्यातले बर्फाचे काळे ढिगारे जातात, विंटर टायर उतरतात, कुंपणाजवळचा लायलॅक फुलून वाळूनही जातो, आणि मग एक दिवस ड्राइव्हवेचं डांबर अनवाणी पायाला चटका देतं. त्या दिवशी मी जुनी चादर पसरते आणि मिरच्या वाळत घालते. वसईला हे काम एप्रिल-मेमध्ये उरकायचं. इथे देव ऊन देईल तेव्हा.

खारी येतात. एखादी नवीन खार मिरची उचलते, चावते, खाली टाकते आणि माझ्याकडे असं बघते की मीच तिला फसवलं. जुन्या खारी लांबूनच जातात.

मग धणे, जिरे, तीळ, खसखस, थोडे गहू, थोडे चणे, दगडफूल, नागकेशर, हळकुंडं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धणे भाजले की घरात कोणीतरी पाहुणा येणार असं वाटतं. तीळ भाजले की ख्रिसमस. मिरची भाजली की मात्र काही वाटायला वेळ नसतो, डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून तेव्हा ते काम घराबाहेर कॅम्पिंगच्या शेगडीवर, आणि दळणं-चाळणं गॅरेजमध्ये. दार अर्धंच उघडायचं, नाहीतर वाऱ्याने पूड उडते. शेवटी मसाला तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. बाटल्या बिअरच्या. त्या जमवण्यासाठी इनास वर्षभर बिअर पितो आणि त्याला घरकामात मदत म्हणतो.

आमच्याकडे मसाला करताना एक नियम होता. जी आधी खोकेल तिने सगळ्यांचा चहा करायचा. हा नियम कोणी केला मला माहीत नाही. वसईला अंगणात आई, मावश्या आणि शेजारणी उखळाभोवती उभ्या राहायच्या, डोक्याला फडकी बांधलेली, आणि मुसळं एकामागून एक पडायची. पूड उडायची. प्रत्येकीच्या घशात खवखव, पण खोकायचं नाही. तोंडं लाल व्हायची, गाल फुगायचे, कोणी उगाच आकाशाकडे बघायची. शेवटी एकीचा बांध फुटायचा आणि बाकीच्या त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारख्या खोकून, हसून, शिंकून बेजार व्हायच्या. मी त्या वेळी चौथी पास होऊन घरी बसले होते. शाळा संपली याचं मला दुःख झालं नाही. उखळाभोवती जागा मिळाली याचा आनंद झाला.

तो नियम आम्ही कॅनडात आणला. सामानात त्याचं वजन झालं नाही. कतरीन नेहमी हरायची आणि कधीच कबूल करायची नाही. “हा खोकला नाही, शिंक आहे. आतल्या आत आली.” रेजिना म्हणायची, “मग चहासुद्धा आतल्या आत कर.”

मी फॉस्टर आई कशी झाले असं लोक विचारतात. त्यांना काहीतरी गोड ऐकायचं असतं. माझ्याकडे गोड काही नाही. मी मांसाच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी राहून पुष्कळ वर्षं काढली. पाय थंड, हात थंड, कानात कापूस. कारखाना बंद झाला तेव्हा मी साठीला आले होते. मुलगी शर्ली लग्न करून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेली होती. घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या. शर्ली फोनवर म्हणाली, “मॉम, आता रिलॅक्स कर. यू डिझर्व्ह इट.” मी दोन आठवडे रिलॅक्स केलं. कपाटं पुसली, पडदे धुतले, इनासला ओरडले. तिसऱ्या आठवड्यात इनासच म्हणाला, “तू काहीतरी काम बघ. माझ्यासाठी बघ.”

चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर एक बाई सांगायला उभी राहिली की ज्यांना आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना घरं हवी आहेत, काहींना थोड्या दिवसांसाठी, काहींना किती ते माहीत नाही. मी बाहेर येऊन तिला विचारलं, चौथी शिकलेली चालते का. ती म्हणाली, घर आणि मन हवं. मी म्हटलं, घर आहे.

कतरीनला हे पटलं नाही. “लोकांची पोरं सांभाळणं ही काय नोकरी आहे?”

“डुकराचे खांदे पट्ट्यावरून ढकलणं नोकरी होती ना?”

“ते खांदे रात्री रडत नव्हते, फिलू.”

यात ती बरोबर होती.

एका बेसमेंटमध्ये क्लास झाले. गोल करून खुर्च्या. प्रत्येकाला विचारलं, हे काम का करायचंय? कोणी म्हणालं प्रेम द्यायचंय, कोणी म्हणालं समाजाचं ऋण आहे. माझी पाळी आली. इंग्रजी माझं कारखान्यातलं, तिथे लांब वाक्यं कोणी बोलत नाही. मी म्हटलं, “टू रूम्स एम्प्टी. फॅक्टरी क्लोज्ड. आय कॅनॉट सिट.” सगळे हसले. शिकवणारी हसली नाही. तिने नंतर मला थांबवून सांगितलं की इतरांपेक्षा माझी काळजी तिला कमी वाटते. घर बघायला माणूस आला, त्याने नळाचं गरम पाणी थर्मामीटर लावून तपासलं, खिडक्या उघडून-मिटून बघितल्या. स्वयंपाकघरात येऊन विचारलं, हा वास कसला? मी म्हटलं, जेवणाचा.

बरीच मुलं आली आणि गेली. सगळ्यांनी मला आई मानलं असं मी म्हणणार नाही. एकाने माझ्या चपला खिडकीतून फेकल्या. एक दिवसभर हसायची आणि तिचं हसणंच मला आवडायचं नाही. ती परत गेली तेव्हा मी चादरी बदलल्या आणि झोपले. हे काम असंच करायचं असतं. पाव भाजून देणारा गिऱ्हाइकामागे घरी जात नाही.

डेस्टिनी एप्रिलमध्ये आली. बाहेर अर्धं बर्फ, अर्धा चिखल. आठ वर्षांची पोर आणि तिच्याहून मोठी हॉकीची बॅग. तिची आई जिवंत होती, पण तिला स्वतःलाच सांभाळता येत नव्हतं. पोर आमच्याआधी बऱ्याच घरांत राहून आलेली. डेस्टिनी हे नाव आमच्या जिभेला जड, दोन दिवसांत देसू झालं. तिने बूटही काढले नव्हते तेव्हा विचारलं, “व्हॉट आर द रूल्स हिअर?”

मला प्रश्न आवडला. मी सांगितलं, बूट दारात काढायचे. जेवताना टीव्ही नाही. खोटं बोलायचं नाही. ती बोटांवर मोजत होती. मी थांबले तरी तिसरं बोट धरून ती वाट बघत राहिली.

“अजून?”

“अजून काही नाही.”

तिला ते खरं वाटलं नाही. पुढचे कित्येक दिवस ती नियम शोधत होती. ही खुर्ची कोणाची? फ्रिज उघडायचा का? खोकला आला तर? तिला खोकला होता, हिवाळ्याचा उरलेला. सगळे म्हणत होते साधी सर्दी आहे. तिच्या कागदांतही दम्याचं काही नव्हतं, कारण दर दोन-चार महिन्यांनी घर बदलणाऱ्या पोरीचा खोकला पूर्ण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. एका घरात ती खोकायची म्हणून तिची खाट दुसऱ्या टोकाला नेली होती. हे तिने मला मटार सोलताना सांगितलं, तक्रार म्हणून नाही, तिथला नियम म्हणून.

मसाल्याच्या दिवशी तिला घरात बस म्हणून सांगितलं होतं. पण गॅरेजमध्ये तिघी बायका फडकी बांधून, नाकातोंडाला ओढण्या गुंडाळून हसत असताना आठ वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसेल कशाला? ती दाराखालून सरपटत आली. कतरीनने तिलाही फडकं बांधलं आणि पोत्यावर बसवलं. मी म्हटलं, पाच मिनिटं बस आणि जा. तिने विचारलं, “इथे काही रूल आहे का?”

कतरीनने मोठ्या आनंदाने नियम सांगितला. जी आधी खोकेल तिचा चहा. जी खोकणार नाही ती जिंकली.

थोड्या वेळाने कतरीन खोकली. “शिंक, शिंक,” म्हणत राहिली. रेजिना खोकली. मीही खोकले. देसू खोकली नाही. आम्ही हसत होतो आणि ती नियम पाळत होती.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. मागोमाग आगीचा बंब. हिरवळीवर पोर बसलेली, मी तिला मागून धरलेलं, आणि ड्राइव्हवेवर दोन म्हाताऱ्या, तोंडं झाकलेल्या, हातात रबरी मोजे, कोपरापर्यंत लाल. एक उंच अग्निशामक गॅरेजच्या दाराखालून आत वाकला आणि खोकत, डोळे चोळत बाहेर आला.

“मॅम, व्हॉट आर यू कुकिंग इन देअर?”

“मसाला,” कतरीन म्हणाली.

“व्हॉट्स दॅट?”

“फॉर फिश,” रेजिना म्हणाली. “ऑल्सो चिकन.”

त्याने दुसऱ्याकडे बघितलं. दोघांनी मास्क चढवले आणि पुन्हा आत गेले. मला तेव्हा हसू आलं नाही. तोवर पोरीच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क बसला होता आणि मी फक्त तिच्या ओठांकडे बघत होते. निळे, निळे, मग राखाडी. गाडी वळणावर असताना त्यांच्यात थोडासा रंग आला, गुलाबी पेरूच्या आतल्या बाजूसारखा. मी आयुष्यात पुष्कळ सूर्योदय बघितले आहेत. मला ते ओठ जास्त आठवतात.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी तिने मास्क जरा बाजूला केला. पहिलं वाक्य बोलली, “आय डिडन्ट कॉफ फर्स्ट.”

मी म्हटलं, “नाही. तू नाही खोकलीस.”

“सो आय वॉन.”

“जिंकलीस. मास्क लाव.”

ती मास्क लावून झोपली. मी खुर्चीत बसून राहिले. मी रडणारी बाई नाही, त्या दिवशीही रडले नाही, पण मला उठताही येईना. पोरीला श्वास येत नव्हता आणि तिने तोंड उघडलं नाही. खेळासाठी कोणी इतकं करत नाही. तिच्या डोक्यात नियम मोडला की घर जातं. आम्ही चहाची गंमत सांगितली आणि तिने ती घराची अट म्हणून ऐकली.

जोॲन नावाची तिची वर्कर, तिला कोणत्या घरी ठेवायचं ते बघणारी, आली. चांगली बाई, थकलेली. मी तिला सगळं जसं झालं तसं सांगितलं. तिने विचारलं, मुलीला आत का येऊ दिलं? मी म्हटलं, ती आली आणि मी पाच मिनिटं म्हटलं. घर माझं, जबाबदारी माझी. जोॲन म्हणाली, चौकशी होईपर्यंत देसूला दुसऱ्या घरी ठेवावं लागेल. कदाचित परत येईल, कदाचित नाही.

देसू ऐकत होती. तिने हॉकीची बॅग कुठे आहे असं विचारलं नाही. ती म्हणाली, “कतरीन ओज मी टी.”

जोॲनला समजेना. मी समजावून सांगितलं. जोॲनने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

ते दिवस लांब होते, जूनमधले, संध्याकाळ संपता संपत नाही असे. इनासने पाइप लावून गॅरेज धुतलं, लाल पाणी ड्राइव्हवेवरून रस्त्याकडे वाहत गेलं. अर्धा मसाला चाळायचा राहिला होता, तो तसाच पिंपात. कतरीन रोज यायची आणि मटारची टोपली पुढ्यात घेऊन बसायची. एक दिवस म्हणाली, “मी तिला फडकं बांधलं, फिलू.”

“मी पाहिलं.”

“छान दिसत होती त्यात.”

“दिसत होती. आता मटार सोल.”

मी दम्याच्या क्लासला गेले. पफर, म्हणजे औषधाचा पंप, कसा हलवायचा, त्याला लांब नळी कशी लावायची, श्वास घेताना पोरीच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का ते कसं बघायचं. शिकवणारी मुलगी माझ्या शर्लीहूनही लहान होती. तिने मला तीनदा करून दाखवायला लावलं, मी तीनदा केलं. देसू येणार की नाही हे कोणी सांगत नव्हतं. मी तिची चादर धुऊन घातली. दुसऱ्या मुलीसाठी घातली असती तशीच, असं मी इनासला सांगितलं. तो म्हणाला, “हो का?” आणि बिअर उघडली.

शेवटी जोॲनचा फोन आला. माणसं येऊन घर पुन्हा बघून गेली होती. घरात आणि गॅरेजमध्ये मिरची भाजायची, दळायची नाही, ही अट. मी म्हटलं, मंजूर. जोॲन म्हणाली, “ती रोज विचारते, तो चहा अजून लागू आहे का.”

एक जुलैला कॅनडा डेचे फटाके वाजायच्या आधी ती परत आली. बूट दारात काढले. कतरीन शेगडीपाशी उभीच होती. तिने आलं ठेचलं, दूध जास्त घातलं, साखर दोनदा घातली. पोरीसमोर कप ठेवला. देसूने एक घोट घेतला, विचार केला, आणि म्हणाली, “इट्स नॉट व्हेरी गुड.”

“हरलेल्या बाईचा चहा असाच असतो,” कतरीन म्हणाली आणि तिथेच खुर्चीत बसून हसायला लागली. हसता हसता खोकली. देसू लगेच बोट दाखवून ओरडली, “कॉफ!” तेव्हा कतरीनने नियम बदलला. यापुढे जी आधी खोकेल तिला पहिला चहा, आणि बाकीच्यांनी करून द्यायचा. इतक्या बायकांनी इतकी वर्षं चालवलेला नियम तिने अर्ध्या मिनिटात उलटा केला. कोणाला विचारलंही नाही.

आता आम्ही मसाला शहराबाहेर मोटार न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये करतो. कतरीन त्याच्याकडून अंडी घ्यायची, त्या ओळखीवर. चारी बाजू उघड्या, मक्याची कोवळी रोपं, दूर घोडागाडीचा आवाज. शेतकरी आपली बायको घेऊन बघायला येतो, दोघं एकदम शिंकतात आणि अंडी ठेवून जातात. गेल्या वर्षी त्याने एक बाटली मागून घेतली. बटाट्यावर घालतो म्हणे. घालू दे.

देसू कागदावर आमची कधीच झाली नाही. तिची आई मधूनमधून बरी असायची, मधूनमधून नसायची, आणि देसू वयाने मोठी होईपर्यंत आमच्याकडे राहिली. मोठी झाल्यावरही राहिली, खाली बेसमेंटमध्ये. टायरच्या दुकानात काम करते. तिच्या नखांत काळं आणि माझ्या नखांत लाल, जेवताना एका टेबलावर छान दिसतं. मुलं ठेवायचा माझा परवाना मी गुडघ्यांमुळे परत दिला. शर्ली फोनवर विचारते, “मॉम, आर यू हॅपी?” तिला लांब उत्तर हवं असतं. मी म्हणते, ऊन आहे, चहा गरम मिळतो, इनासला अजून बिअर चालते. याला सुख म्हणत असतील तर म्हणा.

परवा आम्ही मसाला केला. देसूने पिंपं ट्रकमध्ये चढवली. शेडमध्ये ती वारा बघून उभी राहिली, मास्क लावून, पफर शर्टाच्या खिशात. बाटल्यांत मसाला ठासायचं काम तिचं, तिच्याइतकं गच्च कोणाला जमत नाही. मी भाजायला बसले. मिरचीचा पहिला धूर वर आला आणि मला खवखवलं. मी खोकले, लगेच, मुद्दाम मोठ्याने. देसूने काठी खाली ठेवली, थर्मास उघडला आणि पहिला कप मला दिला. चहा अजूनही तिला करता येत नाही, दूध फार घालते. कतरीनकडून शिकली.

त्या दुपारी गॅरेजमध्ये आम्ही चौघी होतो. रेजिना तीन हिवाळ्यांपूर्वी गेली, कतरीन गेल्या हिवाळ्यात, झोपेत. राहिलो दोघी, मी आणि देसू.